रिमोटच्या गाडीचं मागचं चाक मोकळं कसं करायचं: खाऱ्या हवेतल्या गाड्यांसाठी

आधी बॅटरी काढा. मागचं चाक हाताने फिरवून बघायचं तर बॅटरीचा कनेक्टर सुटलेलाच हवा. काही गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये ड्रॅग ब्रेक असतो. गाडी चालू असली की रिमोट सोडल्यावरही तो मोटर धरून ठेवतो आणि चाक उगाच जड लागतं. शिवाय रिमोट पोरांच्या हातात असतो आणि आपलं बोट गिअरपाशी, म्हणून हा नियम मी कधी मोडू देत नाही.

रत्नागिरीत मांडवीजवळ माझं शिवणकामाचं दुकान आहे. कपडे शिवते आणि शिलाई मशीनही दुरुस्त करते, त्यामुळे बारीक बेअरिंग, शाफ्टला गुंडाळलेला दोरा, अडकलेले गिअर हे रोजचंच. भाच्यामुळे रिमोटच्या गाड्या माझ्या टेबलावर आल्या आणि त्याच्या मागोमाग त्याचे मित्र. गाड्या बहुतेक १:१० मापाच्या, मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या. पोरं त्या मांडवीच्या काळ्या वाळूत पळवतात, नाहीतर वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळावर, बंद पडलेल्या चिरेखाणीच्या सपाटीवर. तक्रार ठरलेली असते: "मावशी, मागचं चाक जड फिरतंय, जरा तेल घाल ना."

तेल मी सगळ्यात शेवटी घालते. मागच्या एक्सलवर चाक अडकायच्या जागा बऱ्याच आहेत: चाकाचा नट, हबमधली (चाकाचा एक्सल ज्यात फिरतो त्या घरातली) बेअरिंग, डॉगबोन (गिअरबॉक्सपासून हबपर्यंतचा दांडा), डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच), गिअरबॉक्स, मोटरचं पिनियन (शाफ्टवरचं छोटं गिअर). तेलाने यातली एखादी जागा सुधारते. बाकी ठिकाणी ते वाळू आणि लाल धूळ धरून ठेवतं, आणि महिन्याभरात आत घासणारा लगदा तयार होतो. म्हणून एकेक भाग सोडवत जायचं आणि दर वेळी चाक फिरवून बघायचं. जो भाग सोडवल्यावर चाक मोकळं झालं, दुखणं तिथे. एवढी शिस्त पाळली की नवीन मोटर आणि नवीन गिअर यांवरचा खर्च बहुतेक वेळा वाचतो.

आता मोकळं म्हणजे किती मोकळं, हे आधी ठरवून घेऊ. मोटर गिअरला लागलेली असताना मागचं चाक टिचकीसरशी भिरभिरणार नाही, आणि तसं ते फिरावं अशी अपेक्षाही करू नये. चाक एकदा फिरायचं तर या गाड्यांत मोटरला साधारण आठ-दहा फेरे घ्यावे लागतात. ब्रशवाल्या मोटरच्या आत लोहचुंबक असतात, ते आर्मेचरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, ओढून धरतात. त्यामुळे चाक फिरवताना हाताला टक-टक असे टप्पे जाणवतात आणि चाक लगेच थांबतं. हा दोष नाही. कितीतरी गाड्या एवढ्याच शंकेवर माझ्याकडे येतात आणि तशाच परत जातात.

खरी परीक्षा मोटर बाजूला करून होते. मोटर दोन स्क्रूंवर असते. त्यांना बहुधा २ किंवा २.५ मिलिमीटरची ॲलन की लागते. स्क्रू पूर्ण काढू नका, सैल करा आणि मोटर मागे सरकवा, म्हणजे पिनियनचे दात मोठ्या गिअरपासून सुटतील. या मोठ्या गिअरला पोरं स्पर म्हणतात, मीही तेच म्हणते. आता चाक फिरवा. ते काही फेरे घेऊन हळूहळू मंदावत थांबायला हवं. फिरता फिरता एका ठिकाणी खट्‌कन थांबलं तर काहीतरी अडतंय. सगळीकडे सारखंच जड लागलं तर काहीतरी दाबलं गेलंय किंवा गंजलंय. आणि मोटर सरकवताच चाक मोकळं झालं, तर पुढचं सगळं उघडायची गरज नाही. पिनियन स्परवर जास्त दाबून बसवलेलं आहे, ते कसं बसवायचं ते खाली सांगते.

मोटर सुटलेली असतानाच दोन हातांची एक चाचणी करून घ्या. ही मला सगळ्यात जास्त उपयोगी पडते. दोन्ही चाकं दोन हातांत धरा आणि एकाच दिशेने फिरवा. या वेळी सगळा गिअरबॉक्स फिरतो, पण डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर स्वस्थ असतात. मग एक चाक पुढे आणि दुसरं मागे, असं उलट फिरवा. आता गिअरबॉक्स थांबलेला असतो आणि डिफरन्शियलच्या आतले गिअर तेवढे फिरतात. एकाच दिशेने फिरवताना जड आणि उलट फिरवताना हलकं असेल तर गिअरबॉक्स बघा. उलट फिरवताना जड असेल तर डिफरन्शियल. दोन्हीकडे जड असेल तर हब किंवा डॉगबोन, आणि आमच्याकडे दहातल्या बहुतेक गाड्यांना हेच दुखणं असतं. डिफरन्शियलमध्ये मुद्दाम दाट सिलिकॉन तेल भरलेलं असलं तर उलट फिरवताना ते थोडं जड लागणारच. दगडांवर चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांत मागचा एक्सल मुद्दाम लॉक केलेला असतो, तिथे चाकं उलट फिरतच नाहीत. जोर लावून बघू नका.

चाकं काढा. १:१० च्या गाडीला चाकाचा नट साधारण ४ मिलिमीटरचा असतो, ७ चा पाना लागतो. नटाच्या आत नायलॉनची कडी असते, त्यामुळे तो बोटाने सुटत नाही. ती कडी झिजून नट बोटाने फिरायला लागला की नट बदला. चाकाच्या मागे षटकोनी हेक्स आणि त्याच्या खाचेत बसणारी आडवी पिन असते. ही पिन काळजीपूर्वक काढून डबीच्या झाकणात ठेवा, वाळूत किंवा शहाबादी फरशीच्या फटीत गेली की सापडत नाही. पिन खाचेत नीट बसलेली नसली तर हेक्स तिरका होतो आणि नट आवळल्यावर हबला घासतो.

नटाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण पोरं इथे फसतात. नट सैल केल्यावर चाक मोकळं होत असेल तर नट सैल ठेवून गाडी चालवायची नाही. बेअरिंगची आतली कडी, हेक्स आणि मधली वॉशर हे सगळं एकमेकांना टेकून रांगेत बसायला हवं. तसं ते बसलं की नट घट्ट आवळूनही चाक मोकळंच फिरतं. आवळल्यावर अडत असेल तर मधली पातळ वॉशर, म्हणजे शिम, हरवली आहे किंवा चुकीच्या बाजूला गेली आहे, आणि दाब बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर येतोय. आवळून झाल्यावर एक्सल हाताने आत-बाहेर हलवून बघा. नखाला जाणवेल इतकी ढिलाई हवी. अजिबात नसेल तर एक शिम कमी करा, खडखडत असेल तर एक वाढवा.

चाक निघालं की एक्सलचा दांडा उजेडात धरून बघा. केस, दोरा, काथ्या आणि सगळ्यात वाईट म्हणजे तंगूस, मासेमारीचा नायलॉनचा धागा. किनाऱ्यावर जाळ्यांचे तुकडे पडलेले असतात. तंगूस पारदर्शक असतो, एक्सलला गुंडाळला की दिसत नाही, आणि फिरता फिरता हब आणि डॉगबोनच्या मधल्या फटीत घुसून बेअरिंगचं रबरी झाकण आत दाबतो. तो ओढून काढू नका, ओढला की आणखी घट्ट बसतो. शिवण उसवायच्या सीम रिपरने दांड्याच्या लांबीला समांतर चिरत जा, मग चिमट्याने तुकडे उचला. ब्लेड वापरलं तर रबरी झाकण कापलं जातं.

डॉगबोन काढा. हा दोन्ही टोकांना आडवी पिन असलेला दांडा आहे, गिअरबॉक्सच्या कपातून हबच्या कपात शक्ती नेणारा. कपात वाळू ठासून भरलेली असेल तर दातकोरणीने टोकरून काढा. नंतर तो परत बसवाल तेव्हा गाडीचं सस्पेन्शन पूर्ण दाबून आणि पूर्ण सोडून, दोन्ही स्थितीत डॉगबोन आत-बाहेर जरा हलतो ना ते बघा. एखाद्या स्थितीत तो दोन्हीकडे टेकून ताठ होत असेल तर टेबलावर चाक मोकळं फिरेल आणि उडी मारल्यावर अडेल. चुकीच्या लांबीचा डॉगबोन घातल्यावर हमखास हेच होतं.

डॉगबोन निघाला की हब एकटा राहतो. चाक तात्पुरतं लावून टिचकी मारा. बेअरिंग चांगली असतील तर चाकाची जड बाजू खाली येते, थोडी पुढे-मागे झुलते आणि मग थांबते. असा झोका दिसला की हब उघडूच नका.

झोका नसेल तर बेअरिंग. या मापाच्या कितीतरी गाड्यांत हबची बेअरिंग ५ × ११ × ४ असतात: आतलं भोक ५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ११, जाडी ४. तरी कॅलिपरने मोजल्याशिवाय मागवू नका. काही किट-गाड्यांमध्ये सुरुवातीला बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिकचे बुश येतात. आमच्या वाळूत बुश टिकत नाहीत, भोक मोठं होऊन चाक डुलायला लागतं. त्याच मापाची बेअरिंग थेट बसतात, ती बसवून टाका.

बेअरिंग हबमधून काढायचं ते एक्सल उलट्या बाजूने घालून, सरळ हळूहळू ढकलत. गंजाने धरलं असेल आणि हब प्लॅस्टिकचा असेल तर हब गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा. प्लॅस्टिक पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि पकड सुटते. हातोडी नको.

काढलेलं बेअरिंग दोन बोटांत धरून आतली कडी फिरवा आणि डोळे मिटून जाणवून घ्या. कचकच लागत असेल तर घाण आहे, ती निघते. ठरावीक जागी खाच लागत असेल तर गंजाने किंवा आदळण्याने कडीला खड्डा पडलाय. असं बेअरिंग धुऊन, तेल घालून तासभर बरं वाटेल, नंतर पुन्हा तेच. टाकून द्या.

साफ करताना आपल्या किनाऱ्यावर क्रम बदलावा लागतो, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. कोणीही सांगतं की बेअरिंग पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुडवा. त्याने जुनं ग्रीस निघतं, पण मीठ निघत नाही. मीठ पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. गाडी लाटेत भिजून वाळली की पाणी उडून जातं आणि हे क्षार गोळ्यांच्या आणि कड्यांच्या मधे बसतात. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून आपणच विरघळायला लागतं. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याहून खूप कोरड्या हवेतही ओलं राहतं. पावसाळ्यात बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. म्हणजे गाडी फडक्याने पुसून कपाटात ठेवली तरी बेअरिंगच्या आत ओल राहते, आणि गंज तिथे रोज थोडा थोडा चढतो. गणपतीत वापरलेली गाडी दिवाळीला काढली की चाक जाम असतं ते असं.

तेव्हा आधी गोडं पाणी. आमच्याकडे किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते चालणार नाही. नळाचं पाणी कोमट करा, नाहीतर पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरा. त्यात बेअरिंग बुडवण्याआधी झाकण उघडायचं. रबरी झाकण असेल तर आतल्या कडीच्या बाजूने बारीक सुई घालून उचला, ते सहज सुटतं. बाहेरच्या कडीकडून उचललं तर वाकतं. धातूचं झाकण बारीक तारेच्या कडीने धरलेलं असतं. तिचं तुटकं टोक शोधा आणि मशीनच्या सुईच्या अणीने आत ढकला. कडी उडते, म्हणून वर फडकं धरा. कडी दिसलीच नाही तर झाकण ठोकून बसवलेलं आहे. ते उघडू नका, बेअरिंग तसंच धुवा.

कोमट पाण्यात फिरवत धुवा, पाणी दोनदा बदला. मग पाणी घालवण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे ते असतं. छोट्या काचेच्या बाटलीत बेअरिंग आणि अल्कोहोल घालून हलवा. ते पाण्यात मिसळतं आणि पाण्याला घेऊन उडून जातं. आत जुनं ग्रीस चिकटलेलं असेल तर पाण्यानंतर आणि अल्कोहोलच्या आधी रॉकेलचा एक हात द्या. रबरी झाकणं मात्र रॉकेल-पेट्रोलमध्ये घालू नका, फुगतात. हे सगळं खिडकीशी, गॅसच्या शेगडीपासून लांब. आणि हवेच्या पंपाने कोरडं बेअरिंग गर्रकन फिरवायचा मोह आवरा. वंगणाशिवाय त्या वेगात गोळ्या आणि कड्या खरवडल्या जातात.

आता वंगण. मशीनचं पातळ तेल घातलं तर हातात बेअरिंग खूप वेळ फिरतं, बघायला छान वाटतं. शर्यतीच्या गाडीला, कोरड्या गच्चीवर चालवणाऱ्याला ते योग्यच. पण वाळूत आणि ओलीत हबच्या बेअरिंगला मी ग्रीसच लावते. मिरकरवाडा बंदराच्या बाजूला बोटींचं सामान विकणाऱ्यांकडे पाण्याने न धुपणारं ग्रीस मिळतं, तेच. आतली एक तृतीयांश जागा भरेल इतकंच. गच्च भरलं तर चाक खरोखरच जड होतं. ग्रीस लावलेलं बेअरिंग टिचकीला कमी फेरे घेतं, त्याने घाबरू नका. गाडी पळताना तो फरक जाणवत नाही, आणि पाणी बाहेर राहतं. गंज घालवायच्या फवाऱ्यावर थांबू नका. तो अडकलेलं सोडवतो, पण त्याचा थर पातळ असतो, मागून तेल किंवा ग्रीस लावावंच लागतं. स्टेनलेसची बेअरिंग घेणार असाल तर घ्या, उशिरा गंजतात. पण धुवावी तीही लागतात.

हब उघडलाच आहे तर एक्सलचा दांडा आरशाच्या काचेवर ठेवून लोळवा. खालून उजेडाची फट उघडझाप करताना दिसली तर दांडा वाकलाय. तो ठोकून सरळ करू नका, कडक पोलाद असतं, तडा जातो. नवीन घ्या.

गिअरबॉक्स शक्यतो उघडू नये, पण दोन हातांच्या चाचणीत तोच दोषी निघाला तर इलाज नाही. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवा, शिम कुठून निघाल्या ते लक्षात राहत नाही. प्लॅस्टिकच्या गिअरच्या दातांत काळी वाळू रुतून बसते. जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने दात न् दात घासा. बंद करताना खरी मेख आहे: स्क्रू एका बाजूने गच्च आवळत गेलात तर दोन्ही अर्धे तिरके बसतात आणि आतली बेअरिंग दाबली जातात. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा आणि दर वेळी स्पर बोटाने फिरवून बघा. ज्या स्क्रूला तो जड झाला तो पाव फेरा मागे घ्या. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू घालताना आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात तो किंचित खाली बसल्याचं हाताला कळतं, मग सरळ आवळा. नाहीतर दर वेळी नवीन आटे पडतात आणि भोक निकामी होतं.

मोटर परत लावण्याआधी तिच्याकडे नीट बघा. मांडवीच्या काळ्या वाळूत लोहाचे कण आहेत, लोहचुंबक फिरवला तर त्याला मिशा फुटतात. तेच मोटरच्या भोकांपाशी होतं. ब्रशने झाडून हे कण जात नाहीत, नुसते जागा बदलतात. चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळून टिपून घ्या. भाट्याच्या बाजूला किंवा सड्यावर चालवलेल्या गाडीत हा त्रास कमी, तिथली लाल धूळ मात्र जास्त बारीक असते आणि झाकणांतून आत जाते. मोटरच्या शाफ्टला बुश असेल तर दोन्ही टोकांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, आणि सांडलेलं पुसून घ्या.

शेवटी पिनियन आणि स्पर यांची बसणी. वहीच्या कागदाची बोटभर पट्टी कापा. ती दोन्ही गिअरच्या मधे घालून मोटर स्परकडे दाबा आणि स्क्रू आवळा. मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या घड्या ठळक दिसायला हव्यात, पण कागद फाटलेला नसावा. फाटला तर बसणी घट्ट आहे, पुसट घड्या असतील तर सैल. घट्ट बसणीत चाक जड आणि मोटर गरम, सैल बसणीत दात उडतात. स्पर क्वचितच अगदी गोल असतो, म्हणून पूर्ण फेरा फिरवून जिथे सगळ्यात घट्ट लागतं ती जागा शोधा आणि पट्टी तिथे घालून बसवा.

चाकं लावा, नट आवळा, बॅटरी जोडा. पहिली पाच मिनिटं गाडी अंगणात हळू चालवा, मग बॅटरी काढून दोन्ही मागच्या हबला बोट लावून बघा. दोन्ही सारखेच कोमट किंवा गार असायला हवेत. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला तर तीच बाजू पुन्हा उघडा. बेअरिंग तिरकं बसलेलं किंवा शिम राहून गेलेली बहुतेक तिथेच सापडते.